मी विजा मोडते म्हणे!

मी घंटा बोलतेय. घाबरू नका, प्रार्थनेला बोलावत नाहीये. तोफांच्या कारखान्याच्या अंगणात उलटी पडलेय. पोटात पावसाचं पाणी साठलंय आणि त्यात एक बेडूक राहतो. आजवरचा सगळ्यात शहाणा शेजारी. उपदेश करत नाही.

माझा जन्म फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या एका द्राक्षमळ्यांच्या गावचा. चर्चमागे खड्डा खणून मला ओतलं, थाटात बारसं केलं. नाव क्लोटिल्ड. साखरेत घोळलेले बदाम वाटले. अंगावर लॅटिनमध्ये कोरलं, 'मी विजा मोडते.'

मला विचारलं नव्हतं. मी तांबं आणि कथील. गावातल्या सगळ्यात उंच मनोऱ्यात मला टांगून खाली ओला दोर सोडला, तर मी वीज मोडणार की बोलावणार? हे कळायला फार अक्कल लागत नाही. वडीलधाऱ्यांकडे तेवढीही नव्हती.

माझ्या आवाजाने वादळ पळतं, असा गावाचा समज. ढग दाटले की पाद्रीबुवा ओरडायचे, "आन्सेल्म, वाजव! गारा पडल्या तर द्राक्षं गेली!" आणि स्वतः दारूच्या तळघरात उतरायचे. प्रार्थनेला म्हणे. आन्सेल्म आणि त्याचा भाऊ गास्पार दोर ओढायचे.

एका जूनमध्ये वीज माझ्यातून दोरावर उतरली. गास्पार दोर धरूनच गेला. तळवे काळे पडले होते. पाद्रीबुवा प्रेतापाशी म्हणाले, "श्रद्धा कमी पडली." खोटं! त्याची सगळी श्रद्धा त्या हातांत होती, मला ठाऊक आहे.

आन्सेल्मची मुलगी पेरीन शिकलेली. ती म्हणाली, "बाबा, पॅरिसच्या पेपरात आलंय. मनोऱ्यावर लोखंडी सळई लावून जमिनीत उतरवायची. वीज मुकाट खाली जाते."

"पॅरिसवाल्यांचे मळे आहेत का? गारा काय असतात त्यांना विचार."

मग क्रांती झाली, राजा गेला. पाद्रीबुवा पळाले. गिरणीवाला ग्रांजां तिरंगी पट्टा बांधून गावप्रमुख झाला. पूर्वी चर्चमध्ये सगळ्यांआधी गुडघे टेकणारा हाच! महिन्यांची नावं बदलली, आठवडा दहा दिवसांचा झाला, जो तो एकमेकांचा 'नागरिक' झाला. पेरीनला वाटलं, आता तरी सळई लागेल.

"लोखंड भाल्यांना लागतं, पोरी," ग्रांजां म्हणाला.

आणि वादळ आलं. ग्रांजां धावत चर्चपाशी आला. "नागरिक आन्सेल्म, वाजव! देशासाठी!"

"काल देवासाठी होतं," पेरीन म्हणाली. "तुम्हीच या की. दोर देते हातात."

"मला सभा आहे."

"तळघरात?"

ग्रांजां गेलाच. आन्सेल्म मनोऱ्याच्या दाराकडे निघाला. "जाऊ दे गं मला. न वाजवता गारा पडल्या, तर गाव काय म्हणेल?"

भाऊ गेला, तरी याला गावाचीच भीती! पेरीन त्याच्याआधी आत घुसली आणि द्राक्षं छाटायच्या कोयत्याने, हात पोचेल तितक्या उंचावरून, दोर कापला.

"कार्टे, काय केलंस हे!" त्याने तिला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. तेवढ्यात वीज माझ्यावर पडली. वरचा दोर जळाला आणि आन्सेल्म जिथे पाय रोवून उभा राहायचा, ती फरशी दुभंगली.

तो फरशीकडे बघत राहिला. तिचा दंड मात्र सोडला नाही.

गाराही पडल्या. त्या पेरीनने पाडल्या, असं गावाने ठरवलं. मी घसा फोडत होते तेव्हाही पडायच्या, ते कुणाला आठवलं नाही. सीमेवर लढाई होती, तोफांना धातू हवा होता. ग्रांजांने जोरदार भाषण ठोकून मला गाडीत घातलं. पेरीनने माझ्यावर हात ठेवला. "तुझा दोष नव्हता गं," म्हणाली.

उद्या भट्टी. शेजारी एक तयार तोफ पडलीय. तिच्यावर कोरलंय, 'मी जुलूम मोडते.'

तेव्हा वाचकहो, माझ्या अंगावर काय लिहिलंय ते वाचत बसू नका. 'वाजव', 'पेटव' म्हणणारा स्वतः कुठे उभा आहे, तेवढं बघा. आणि लवकर बघा. घंटेला दोर होता, पेरीनला कापता आला. तोफेला दोर नसतो.