सुरगाठ

"काका, उलटा घातलाय तुम्ही पट्टा," कडा चढायला शिकवणारी मुलगी म्हणाली, आणि कड्याखाली जमलेलं अख्खं पॅकिंग खातं हसलं.

सुतळीकाकाही हसले. हसणं भागच होतं. त्यांनी कमरेचा आणि मांड्यांचा तो पट्ट्यांचा गुंता खाली ओढला, शेजारी उभ्या असलेल्या तपासेच्या खांद्याचा आधार घेतला आणि एकेक पाय बाहेर काढून पुन्हा आत घातला. निवृत्ती जवळ आल्यावर माणसाने चारचौघांत असली चड्डी चढवायला शिकू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण धाकटे मालक समोरच उभे होते. डोक्यावर लाल हेल्मेट, हातात मोबाइल, आणि एकेकाचं चित्रण चाललेलं.

"येस काका! जमतंय, जमतंय!" धाकटे मालक ओरडले.

कारखाना काचेच्या दिव्यांचा. काका त्यात पॅकिंगला लागले तेव्हा थोरले मालक स्वतः खोक्यात गवत भरायला बसत. दिवा गवतात निजवायचा, खोक्याला गोणपाट गुंडाळायचं आणि सुतळी आवळून वर सुरगाठ मारायची. निरगाठ नाही, सुरगाठच. गिऱ्हाइकाला सुरी शोधावी लागू नये, एक टोक ओढलं की पार्सल आपोआप उघडावं, असा थोरल्यांचा दंडक होता. सुरीने काच फुटते, असं ते म्हणत. काकांच्या बोटांत ती गाठ इतकी मुरली होती, की घरी बायकोच्या पिशव्यांना, पायजम्याच्या नाडीला, एकदा तर शेजारच्यांच्या वासरालाही त्यांनी तीच मारली होती. वासरू अर्थातच पळालं. 'सुतळी' हे नाव तेव्हाचं.

तपासेचं आडनाव काही निराळंच होतं. पण काकांनी बांधलेली पार्सलं तपासून शिक्का मारणं हे त्याचं काम, म्हणून तो तपासे. एका टेबलाशी समोरासमोर बसून दोघांचे केस पांढरे झाले. काकांनी बांधायचं आणि ह्याने गाठ ओढून बघायची. दिवसभर खोड्या, चहाला भांडण, संध्याकाळी एकाच रस्त्याने घर.

आता पट्टी मारणारं मशीन आलं होतं. खोकं आत सरकवलं की खटॅक, प्लॅस्टिकची पट्टी बसली. त्याच्यापुढे माणूस लागणार एक. दोघांपैकी कोण, हे कुणी बोलत नव्हतं, पण खात्यात दुसरा विषयही नव्हता. त्यातच धाकट्या मालकांनी ह्या सहलीची टूम काढली. दोर लावून कडा चढायचा. "मला पुढे येणारी माणसं हवीत, घाबरून मागे राहणारी नकोत," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. आणि उंची म्हटली की काकांची पाचावर धारण बसायची. घरातला दिवा गेला तर स्टुलावर बायको चढायची आणि काका स्टूल धरायचे.

"तुम्ही कड्यावर?" बायको सकाळी डबा भरता भरता म्हणाली होती. "माळ्यावरची परात काढायला सांगितली तर घाम फुटतो तुम्हाला."

"परात काढली तर पगार मिळतो का?"

तिने डब्याचं झाकण लावलं. आतल्या खोलीत पोरगा तोंडावर पांघरूण ओढून पडलेला होता. त्याची नोकरी गेल्यापासून तो असाच पडून असायचा, आणि घरात मिळवता हात एकच उरला होता. काकांनी त्याचे रबरी तळाचे बूट हळूच उचलले. मागायला गेले असते तर तो काहीतरी लागेल असं बोलला असता.

बसमध्ये काकांनी पाय पुढे करून ते बूट तपासेला दाखवले. "पोराचे आणलेत. पकड चांगली आहे म्हणे. आज वर जायचंच बघ. धाकट्यांच्या डोळ्यांत भरलो तर काही सांगता येत नाही." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुला काही कळलं का रे? कुणाला ठेवणार?"

"कळलं तर सांगेन की," तपासे खिडकीबाहेर बघत म्हणाला. बस लागते त्याला, म्हणून काकांनी पुढे छेडलं नाही.

कड्याखाली त्या मुलीने सगळ्यांना गाठ शिकवली. वर कड्याच्या माथ्यावर लोखंडी कडी होती, तिच्यातून दोर ओवलेला. दोराचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरी बाजू खालच्या जोडीदाराच्या कमरेच्या यंत्रात. वरचा चढेल तसा खालच्याने दोर ओढत राहायचं, म्हणजे हात सुटला तरी माणूस लोंबकळेल, पडणार नाही. "आणि चढायच्या आधी जोडीदाराने गाठ तपासायची," ती म्हणाली. "मी बघेनच, पण आधी जोडीदार. ह्यात लाज नाही."

"तपासे, तुझंच खातं आलं!" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा पिकला. काकांची जोडी तपासेशीच लागली होती. दुसऱ्या कुणाशी लागणार?

काकांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांचे कान बंद झाले होते. समोर तो काळा दगड सरळ उभा. धाकटे मालक मोबाइल घेऊन जवळ आले. काकांनी दोर पट्ट्यातून घेतला, वळसा दिला, टोक आत सारलं, आवळलं. हातांनी ते केलं, डोकं कड्याच्या माथ्यावर होतं.

तपासे गाठीवर वाकला आणि तसाच राहिला.

"काय रे?" काकांनी विचारलं.

तपासेने मोबाइलकडे पाठ फिरवली, काकांच्या आणि मालकांच्या मधे आला आणि दोन बोटांनी दोराचं टोक ओढलं. गाठ अलगद उकलली. एवढा जाड दोर, पण पार्सलाच्या सुतळीसारखा सुटा झाला.

काकांना दरदरून घाम फुटला. त्यांनी सुरगाठ मारली होती. स्वतःच्या जिवाला सुरगाठ.

"गप्प राहा," तपासे पुटपुटला. "पुन्हा मार. आठासारखी. मग तोच आठ उलटा गिरव. हां. आता ओढ." मुलगी आली, तिने गाठ दाबून बघितली, "मस्त!" म्हणाली आणि दोराचं मोकळं टोक धरून तपासेच्या मागे उभी राहिली. मालकांना काही कळलं नाही. जन्मभर गाठी मारून पोट भरणाऱ्या माणसाला गाठ आली नाही, हे हसं व्हायचं वाचलं. असा मित्र मिळायला भाग्य लागतं, असं काकांना त्या क्षणी वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग ते चढले. चढले म्हणजे काय, दगडाला पालीसारखे चिकटत आणि मनातल्या मनात सगळ्यांची क्षमा मागत वर सरकले. अर्ध्यात अडकले. पुढचा हात कुठे घालावा ते दिसेना. खाली बघितलं आणि सगळी माणसं पालथ्या वाट्यांएवढी दिसली.

"उतरव मला!" काका ओरडले.

"सुतळ्या, डावा पाय! डाव्या पायाला खाच आहे!" खालून तपासेचा आवाज फाटला होता. "उतरायचं नाही! वर जा, ऐक माझं, वर जा!"

जन्मात तो असा ओरडला नव्हता. काकांनी डावा पाय टाकला. पोराच्या बुटाने दगड पकडला. मग उजवा हात, मग कोपर, मग काय काय ते त्यांना पुढे आठवेना. कडीला बांधलेली फीत हाताला लागली तेव्हा खाली टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि वाऱ्यात लटकलेले काका लहान मुलासारखे हसले. मी राहणार, असं त्यांना वाटलं. आता मला कोण काढतो!

खाली पाय टेकले तेव्हा धाकट्या मालकांनी त्यांना मिठीच मारली. "काका, कमाल केलीत! खरंच सांगतो, मी तर घाबरलेलो, म्हटलं बातमी ऐकून तुम्ही येताय की नाही. पण तुम्ही असं स्पोर्टिंगली घेतलंत! ह्याला म्हणतात वृत्ती. आता काय, वेळच वेळ. महिन्याला एक कडा मारा." त्यांनी पाठ थोपटली आणि मोबाइल घेऊन ते पुढच्या जोडीकडे गेले.

काका तसेच उभे राहिले. चेहऱ्यावरचं हसू काढायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी तपासेकडे बघितलं. तपासे दोराचे वळसे उगाच सारखे करत होता.

"कसली बातमी?"

तपासेने आणखी एक वळसा सारखा केला.

"तुला सांगितलं होतं त्यांनी?"

"परवा बोलावलं होतं." तपासे दोराकडे बघत म्हणाला. "म्हणाले, तुम्ही मशीनवर राहा. त्यांना तुम्हीच सांगा, जुने मित्र आहात, तुमच्याकडून कळलं तर बरं."

"मग बसमध्ये विचारलं तेव्हा..."

"कसं सांगणार रे? तू पाय पुढे करून बूट दाखवत होतास."

काकांना राग यायला हवा होता. त्यांनी वाट बघितली, पण तो येईना. "सांगायचं नव्हतं तर निदान चढू तरी द्यायचं नव्हतंस," ते म्हणाले. "उतरव म्हणालो होतो मी. लोकांपुढे माकड झालं माझं."

"मला वाटलं," तपासे म्हणाला, आणि थांबला. मग एकदम भडाभडा बोलला. "मला वाटलं तू वर गेलास तर त्यांचं मन फिरेल. आईशप्पथ. म्हणून तर गाठ लपवली. म्हटलं, बघतायत ना ते, शूटिंग काढतायत, वर गेला तर म्हणतील ह्यालाही ठेवू."

म्हणजे दोघे सारखेच मूर्ख. त्या पोरसवद्या मालकाच्या एका वाक्यावर दोन म्हातारे कड्याला टांगून घ्यायला निघाले होते. काकांना घरचा दरवाजा दिसला, परातीवरून हसणारी बायको दिसली, आणि आतल्या खोलीतलं पांघरूण. उद्यापासून त्या घरात दोघे जण तोंडावर पांघरूण ओढणार. आजचा पराक्रम सांगायचा, की ते दुसरं? की आधी पराक्रम, मग ते? कसंही सांगितलं तरी शेवट तोच होता.

"पुढचे कोण? चला, जोडीत जागा बदला!" मुलीने आवाज दिला. आता तपासेने चढायचं आणि काकांनी दोर धरायचा होता.

"माझं राहू दे," तपासे म्हणाला.

"जा," काका म्हणाले. "घाबरून मागे राहणारी नकोत त्यांना. तुझं तरी राहू दे."

तपासेने स्वतःची गाठ मारली. काकांनी वाकून ती तपासली, नीट, दोन्ही बाजूंनी. ती बरोबर होती. मुलीनेही बघितली, दोर काकांच्या कमरेच्या यंत्रात अडकवून दिला आणि मोकळं टोक धरून मागे उभी राहिली. तपासे दगडाला भिडला. तो काकांपेक्षा जड, पण हात लांब. बघता बघता डोक्याच्या वर गेला, आणखी थोडा गेला, आणि तिथे एका कपारीशी थांबला.

तेवढ्यात जेवणाची हाक आली. सगळे पांगले. धाकटे मालकही मोबाइल खिशात टाकून मांडवाकडे गेले. ताटांचा आवाज सुरू झाला.

तपासे हलत नव्हता. गाल दगडाला लावून, दोन्ही हातांनी कपार धरून तो उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते. आवाज नव्हता. पाठ तेवढी दिसत होती.

"अडकलेत वाटतं," मागून मुलगी म्हणाली. "काका, सावकाश सोडा दोर. खाली घेऊ या त्यांना."

"नको," काका म्हणाले.

"अहो, चढत नाहीयेत ते."

"चढतोय. दम खातोय जरा." काकांनी दोरात आलेली ढील ओढून घेतली, ताण धरला आणि पाय रोवले. "तुम्हाला जेवायचं असेल तर दुसऱ्या कुणाला मागे उभं करा. आम्हाला वेळ लागेल."

मुलीने एकदा वर बघितलं, एकदा काकांकडे. ती तिथेच उभी राहिली.

काका वर बघत नव्हते. खाली बुटांकडे बघत, दोन्ही हातांनी दोर धरून ते उभे होते.