स्पंज चहात टिकत नाही

ऐका ना यार, आधी ऐका, मग हसा. धुळ्याच्या हेमराजभाऊंनी इथे जळगावात नवीन कॅफे काढलाय ना, त्यांना रविवारी दुपारच्या चहासोबत इंग्लिश स्पंज केक ठेवायचाय. मला म्हणाले, "सपना, नमुना आण. जमला तर दर रविवारची ऑर्डर तुझी." माझी पहिली ऑर्डर! मी तर उडालेच.

पण जळगावचा मे महिना! बटर आणि साखर फेटून फेटून पांढरं, फुगीर करायचं असतं, सगळा केक त्यावरच. इथे बटर फ्रिजमधून काढलं की साखर घेईपर्यंत तेल! पहिला केक निघाला फरशीसारखा. मग भांडं बर्फात ठेवून फेटलं, तर ऐन ओव्हनमध्ये असताना लाईट गेली. आई म्हणते, "सरळ शिरा कर ना." मी रडायच्या बेतात.

त्यानंतरचा मात्र... सदफ, तू खायला हवं होतंस गं. कापूस! बोटाने दाबला की परत वर. मधे जॅम, वरून पिठीसाखर. रिक्षात मांडीवर धरून नेला, प्रत्येक खड्ड्याला "दादा, हळू!"

भाऊंनी चहा मागवला. मी तुकडा कापून दिला. आणि त्यांनी काय केलं? सरळ चहात बुडवला!

"भाऊ, तो बुडवायचा नसतो..."

तोवर बोटांत नुसता जॅम. "बठ्ठा चहामा ग्या ना वं!" सगळा केक चहात गेला म्हणून भाऊ चमच्याने कपात शोधताहेत. मग गल्ल्यावरच्या उखर्डूनानांना दिला. नानांनीही बुडवला. त्यांचाही गेला.

"भाऊ, इंग्लंडात केक वेगळा खातात, चहा वेगळा पितात."

"गिऱ्हाईक काय इंग्लंडाहून येणार का? आपलं माणूस खारी बुडवतं, टोस्ट बुडवतं, हा पण बुडवणारच."

"पण टिकला तर तो स्पंज कसला!"

"चव झकास शे," भाऊ म्हणाले. "फक्त काप करून परत भाज, कडक कर. ऑर्डर पक्की."

म्हणजे ज्या मऊपणासाठी मी हात मोडेस्तोवर फेटलं, तोच घालवायचा! असा संताप आला ना, डबा उचलला आणि निघाले. दारापर्यंत गेलेसुद्धा. मग वळले आणि दात आवळून विचारलं, "किती कडक करू, भाऊ?"