कारकून गप्प बसतो

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, खाटेवर पडून रक्त धुऊन घ्यायचं म्हटलं की भल्याभल्यांची बोलायची हौस फिटते. परीक्षकांची फिटली नव्हती. तीस वर्षं त्यांनी वर्तमानपत्रात सदर लिहिलं होतं, आपटलेल्या सिनेमांची आणि कुणी न पाहिलेल्या विनोदी मालिकांची बाजू घेऊन. सदर बंद झालं, मग मूत्रपिंडांनीही हात टेकले, पण तोंड चालूच राहिलं. डायलिसिसच्या खोलीत सहा खाटा, सहा यंत्रं आणि भिंतीवर एक टीव्ही. पहिल्याच दिवशी ते शेजारच्या खाटेवरच्या टेलरला म्हणाले होते, "हे काय बघताय? मी सांगतो ते बघा."

"काका, आम्ही आजारी आहोत," टेलर म्हणाला होता, "वर शिक्षा कशाला?"

हल्ली मात्र परीक्षकांच्या डोक्यात एकच मालिका घोळत होती. हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत दोन कारकून बसतात, एवढीच तिची गोष्ट. तेरा भाग तयार होते, सात दाखवले गेले. ती बंद पाडण्यात मोठा वाटा परीक्षकांचाच होता. तेव्हा ते तरुण होते, जीभ तिखट होती, आणि पहिला भाग पाहून त्यांनी लिहिलं होतं, "कारकून वीस सेकंद गप्प बसतो आणि याला विनोद म्हणतात. लेखिकेनंही आता गप्प बसावं." लोकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. दोन वर्षांनी तापानं घरी पडले असताना त्यांनी तिचे सातही भाग पाहिले आणि हसून हसून ठसका लागला. चूक कळली, पण कबूल करायला जीभ रेटेना. पुढे तीनशे जणांची वकिली केली, हिची एकदाही नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आता आपल्याकडे फार वेळ नाही, हे डॉक्टरांनी न सांगताच कळत होतं. लेखिकाबाई हयात होत्या, जुन्या ओळखीतून त्यांचा नंबरही मिळाला होता. बाई, मी चुकलो, एवढं त्यांना एकदा सांगायचं होतं. पण नुसत्या बोलण्यावर त्या कशाला विश्वास ठेवतील? आधी कुणीतरी हसायला हवं होतं.

मुलीनं पेनड्राइव्हवर ते सातही भाग भरून दिले. सिस्टरनं पहिला भाग लावला. समोरच्या खाटेवरच्या हेडबाईंनी डोळे मिटून घेतले. दहा मिनिटं झाली, कुणी हूं की चूं केलं नाही.

"चालू झालं की सांगा हं काका," टेलर म्हणाला.

मग एक माणूस छत्री न्यायला आला. कारकुनानं विचारलं, "ही छत्री तुमचीच कशावरून?" माणूस म्हणाला, "मी भिजलोय ना." कारकून त्याच्याकडे बघत राहिला. नुसता बघत राहिला. बाराव्या सेकंदाला हेडबाईंच्या नाकातून फुस्सकन हसू निसटलं. टेलर असा हसला की सुई लावलेला हात हलला आणि यंत्र ठणाणा करू लागलं. मागोमाग दुसरं, तिसरं. सिस्टर धावत आली.

"हसायचंय तर हात न हलवता हसा!" ती ओरडली, आणि पडद्याकडे बघत तिथेच उभी राहिली.

परीक्षक मात्र हसले नाहीत. ते कोण कोण हसतंय ते मोजत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून फोन लावला आणि आपलं नाव सांगितलं.

"आठवतंय की," लेखिकाबाई म्हणाल्या. "बरोबरच लिहिलं होतं तुम्ही. आधी राग आला, मग पटलं. लिहिणं सोडलं, विमा कचेरीत लागले. आज पेन्शन आहे. तुमचे उपकारच म्हणायचे."

"बाई, मी चुकलो होतो. काल पाच माणसं पोट धरून हसली."

"कुठे?"

"डायलिसिसच्या खोलीत."

"आजारी माणसं बिचारी, कशालाही हसतील," त्या मायेनं म्हणाल्या. "आणि तुमचंही वय झालं आता. मन मऊ होतं माणसाचं. जपा तब्येतीला."

परीक्षकांनी फोन ठेवला. दोन ओळींत केलेली निंदा बाईंनी तीस वर्षं खरी मानली, आणि आज पोटातून केलेली स्तुती त्यांना एका म्हाताऱ्याचा हळवेपणा वाटला. इतकं थकल्यासारखं त्यांना सुई काढल्यावरही वाटत नसे.

पुढच्या खेपेला दुसरा भाग अर्ध्यावर आला तेव्हा त्यांनी पुन्हा फोन लावला. "मी काही बोलत नाही. तुम्ही फक्त ऐका," एवढंच म्हणून मोकळ्या हातानं फोन खोलीकडे धरला.

हेडबाई टेलरला सांगत होत्या, "हा मोठा कारकून ना, डिट्टो आमच्या शाळेचा शिपाई." टेलर हसत होता. कोपऱ्यातल्या खाटेवरचा, कधीच कुणाशी न बोलणारा ड्रायव्हर "अरे, परत दाखवा ते, परत दाखवा" म्हणत होता. परीक्षकांच्या खांद्याला रग लागली, बोटं बधिर झाली, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. भाग संपला. बाईंनी केव्हाच फोन ठेवला असणार, असं वाटून त्यांनी तो कानाला लावला.

"दुसरा होता ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"तिसरा लगेच लावू नका त्यांना."

"का?"

"मध्येच ढिला पडतो तो. घाईत लिहिला होता मी. सहावा लावा. तो चांगला आहे."

परीक्षकांनी सिस्टरला हाक मारली आणि सहावा लावायला सांगितलं.