ड्यूकांच्या घरातली काठी

मित्रांनो, ओकच्या लाकडाची मी एक जुनी काठी आहे. कॅनडात, मॅनिटोबातल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका गावात योहान ड्यूकने बायकोसाठी, आगानेतासाठी, मला तासलं. तिच्या पावलाचं मोडलेलं हाड वर्ष उलटलं तरी सांधत नव्हतं. पुढे तिची मुलगी लीजबेट चाळिशीतच लंगडू लागली. ती बुटकी, म्हणून मला खालून चार बोटं कापलं. चर्चमध्ये लोक माझ्या मुठीचं कौतुक करत. "ड्यूकांच्या घरात हाडंच तशी," म्हणत, की विषय संपे. घरातल्या वंशावळीच्या वहीत सात पिढ्यांचे बाप्तिस्मे होते. कोण लंगडलं, ते मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी सगळे कॉफीला जमले. लीजबेटच्या शेंडेफळाने, तीन वर्षांच्या नेटीने, भाजलेला कडक पाव चावला आणि तिचा पुढचा दात बशीत पडला.

"अगं, पाव खा, दात काय खातेस?" अब्राममामा हसला.

"आपल्याकडे दात लवकरच पडतात," चाकांच्या खुर्चीतून आगानेता म्हणाली. "लीजबेट, ती काठी जपून ठेव. हिला लागेल."

मित्रांनो, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

अब्रामची मुलगी टीना रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने दात उलटून पाहिला.

"आत्या, दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचं मूळ विरघळलेलं असतं. हे तर अख्खं आहे! पायासाठी काढलेला तुझा रक्ताचा रिपोर्ट कुठंय?"

"त्यात काही नाही गं. एक आकडा कमी होता, तेवढंच. वाढला तर काळजी ना?"

"कमी असला तरी काळजी!"

तो आकडा एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा होता. ते कमी पडलं की हाडांत खनिजं नीट बसत नाहीत. हाडं मऊ राहतात, दात सैल होतात. नेटीच्या रक्तातही ते कमीच निघालं. शहरातल्या डॉक्टरांनी दोघींना तेच विकर इंजेक्शनातून द्यायला सुरुवात केली. पहिले काही महिने नेटी रोज रडायची. आता लीजबेट घरात माझ्याशिवाय फिरते.

परवा नेटीने मला उलटी धरून अंगणातल्या बर्फावर नेलं आणि माझ्या मुठीने हॉकीची चकती हाणली.

"अगं, ती आजीची काठी आहे!" लीजबेट खिडकीतून ओरडली.

"आजीच म्हणाली होती, मला लागेल म्हणून!"

मित्रांनो, "आमच्या घरात असंच असतं" म्हणण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारा. माझ्या मुठीचे टवके उडाले आहेत. उडू देत.