उलव्याचा हिरवा ठिपका

माझ्या नवऱ्याला, निशांतला, एकच ध्यास होता, मधोमध कुणी मालक नसलेलं नेटवर्क. प्रत्येक मशीनला फक्त आपले मोजके शेजारी ठाऊक; निरोप आला की मुक्कामाच्या सगळ्यात जवळचा शेजारी बघायचा आणि त्याच्याकडे पुढे ढकलायचा. मशीनं हजारोंनी वाढली तरी निरोप थोड्याच उड्यांत पोचतो, असं तो खारघरच्या आमच्या घरी येईल त्याला ऐकवायचा. मला ते पाठ झालं होतं.

पहिलं मशीन, डब्याएवढं, त्याने उलव्याला सासूबाईंकडे लावलं. त्या साताऱ्याकडच्या, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. डबा रोज पुसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "आनि माजा डबा बंद पडला, तर रं?"

"काही अडणार नाही, आई. बाकीचे दुसरी वाट काढतील." निशांत फुशारकीने म्हणाला. सासूबाई नुसत्या हसल्या.

रोज सकाळी चहा घेताना तो लॅपटॉपवर त्यांच्या नावापुढचा, डबा चालू असल्याचा हिरवा ठिपका बघायचा आणि म्हणायचा, आई ठीक आहे. माझं डोकं फिरायचं. अरे, ठिपका डब्याचा आहे, फोन कर, म्हणायचे मी. तो संध्याकाळी करतो म्हणायचा, आणि त्याची संध्याकाळ काही व्हायची नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मग एका सकाळी सासूबाईंच्या शेजारच्या सुनयनाताईंचा फोन आला. कालची दुधाची पिशवी दाराला तशीच लटकत होती. उलव्याला जाताना निशांतने गाडीत लॅपटॉप उघडला. ठिपका हिरवाच होता. दार तोडलं तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, कालच गेल्या.

तेरावं झाल्यावर फ्लॅट रिकामा केला. सामान गेलं, डबा राहिला. निशांतचाच नियम, जुना शेजारी जास्त भरवशाचा, म्हणून कितीतरी निरोप अजून तिथूनच जात होते. त्याचा हात बटणाकडे जाईना. घरमालक किल्लीसाठी दाराशी थांबला होता. मी करू का, विचारलं. नको म्हणाला आणि स्वतःच बटण बंद केलं.

लॅपटॉपवर ठिपका करडा झाला. शेजारच्या मशीनांनी दोन-तीनदा हाक दिली, उत्तर येईना तेव्हा सासूबाईंचं नाव काढून टाकलं. निरोप दुसऱ्या वाटेने जाऊ लागले.

"जाई, कुणाचं काहीच अडलं नाही गं," तो म्हणाला, आणि आईच्या ओट्याला टेकून रडत खाली बसला.