कवठाएवढी चार घरं

मित्रांनो, मी एक म्हातारी शेणकिडी आहे. नाक मुरडू नका. तुमची अंगणं सारवायलाही शेणच लागतं की!

माझं रूप मलाच सांगावं लागतं, कारण कोणी विचारत नाही. डोकं सपाट आणि पुढे धारदार, अगदी फावड्यासारखं. पुढच्या पायांना दाते आहेत, ते मुरुमातही शिरतात. मागचे काटेरी पाय मी बिळाच्या भिंतीत घट्ट रोवून बसते. मिशांच्या टोकाला पातळ पाकळ्या आहेत. त्या उघडल्या की दोन शेतं पलीकडच्या ताज्या शेणाचा वास येतो. पाठीवरच्या टणक काळ्या कवचाखाली पंखांची घडी असते. तोंड मात्र मऊ. दात नाहीत, शेणाचा रस तेवढा चोखते. एवढा जामानिमा, आणि लोक म्हणतात किडा!

सत्तावन्न सालच्या आषाढातली गोष्ट. नेरजवळच्या एका वस्तीत घनश्याम नावाच्या शेतकऱ्याच्या म्हशीने शेणाचा मोठा पो टाकला. मी थेट त्याच्या खाली बीळ खणलं, दोन हात खोल. तळाशी खोली केली. शेण ओढून आत नेलं, त्याचे कवठाएवढे चार गोळे वळले, प्रत्येकात एकेक अंडं ठेवलं आणि वरून काळ्या मातीचा जाड लेप दिला. मग उपाशीपोटी राखण करत बसले. आई झालं की भूक कुठली आठवते?

श्रावणात छपरावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, पडली. सगळं घर हादरलं.

आदल्या वर्षी त्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला होता. नवं छोटं विहार उभं राहिलं होतं आणि त्याच्यासमोर पिंपळ लावायला धर्मपाल खड्डा खणत होता. त्याची बायको नलू माती उपसत होती, आई इंदूबाई रोप धरून उभी होती. माझे चारही गोळे उजेडात आले. एकाला सब्बलीने खपली उडून भोक पडलं होतं. मी कोपऱ्यात अंग चोरून बसले. जीव नुसता टांगणीला लागला.

इंदूबाईच्या हातून रोप खाली पडलं. गोल गोल, काळे, दगडासारखे चार गोळे. धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले गोल दगडी देव तिने स्वतः नदीत सोडले होते. ते कोपतील अशी वर्षभर तिला भीती होती, पण लेकाला ती कधी बोलली नव्हती. आज बोलली.

"आपुन सोडलेले देव वापस आले रे बाप्पा," ती म्हणाली.

धर्मपाल चिडला नाही, पण कासावीस झाला. हे देव नाहीत, नुसती माती आहे, एक फोडून दाखवतो, म्हणजे तुझ्या मनातलं भेव जाईल, असं म्हणत त्याने सब्बल उचलली. अगं बाई, माझं लेकरू होतं त्यात! मी ओरडणार कशी? मला आवाजच नाही.

नलूने त्याचा हात धरला आणि भोकाकडे बोट दाखवलं. भोकाच्या कडेला काहीतरी हलत होतं. माझं पांढरं, वाकडं पोर आतून ओलं शेण आणून भोक लिंपत होतं. आमची पोरं अशीच असतात, घर फुटलं की रडत बसत नाहीत.

इंदूबाई खाली बसली. गोळा तळहातावर घेऊन ती बघत राहिली. जन्मभर घरं सारवलेली बाई ती. भोक पुरतं बुजेपर्यंत ती हलली नाही.

"देव कायले सारवते रे?" ती हळूच म्हणाली. "हे तं कोनाचं घर आहे."

मग तिला मी दिसले. तिने मला झटकलं नाही, मारलं नाही. चारही गोळे खोलीत होते तसे ठेवले, मला त्यांच्याजवळ सोडलं आणि स्वतःच्या हातांनी वर माती लोटली.

"धर्मपाल, खड्डा तिकडं खन. झाडाले कुठंबी जागा भेटते. इची लेकरं कुठं जातीन?"

धर्मपालने दहा पावलं पलीकडे खणायला घेतलं. इंदूबाईने रोप उचललं, त्याची माती झटकली आणि वर्षभरात पहिल्यांदाच ती मोकळेपणाने हसली.

पुढच्या पावसाळ्यात माझी चारही लेकरं उडाली. मित्रांनो, विहिरी खणा, झाडं लावा, पाया घाला. फक्त पुढचा घाव घालण्याआधी क्षणभर थांबा आणि खाली वाकून बघा. इंदूबाई वाकली होती, म्हणून मी आज आई आहे.