चार तास

"ह्याला काढायला किती वेळ लागंल?" फौजदारांनी दारातूनच विचारलं.

कल्लप्पा चार नंबरच्या बेडजवळ रक्तदाब मोजत होता. त्यानं आधी आकडा कागदावर लिहिला, मग मान वर केली. फौजदारांच्या मागं दोन हवालदार उभे होते.

"बूट बाहेर काढा की साहेब. हितं इन्फेक्शन लवकर होतंय."

फौजदारांनी त्याच्याकडं पाहिलं आणि खाली वाकून बूट काढले. छातीवरच्या पट्टीवर शिवराज देशमाने असं नाव होतं.

भवानी पेठेतल्या त्या धर्मादाय दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसची सहा मशीनं होती. चार नंबरवर इंद्रजीत झोपला होता. डाव्या हाताला दोन सुया. एका नळीतून रक्त मशीनकडं जात होतं, दुसरीतून साफ होऊन परत येत होतं. सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. केसपेपरवर डॉक्टरांनी चार तास लिहिले होते.

इंद्रजीत या दवाखान्याचा जुना पेशंट, टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. वस्तीत पाच-पाच दिवस पाणी येईना तेव्हा शेजारपाजारच्या बायका-माणसांना घेऊन त्यानं पाण्याच्या ऑफिससमोर तीनदा ठाण मांडलं, एकदा फाटकाला कुलूप ठोकलं. सरकारी कामात अडथळा आणल्याचे गुन्हे नोंदले गेले आणि त्याला सोलापूर-धाराशिव या दोन जिल्ह्यांतून एका वर्षासाठी तडीपार करण्यात आलं. तो भीमेपलीकडं इंडीला, बहिणीकडं जाऊन राहिला. तिथं कर्नाटक लागतं. इकडचं मोफत उपचाराचं कार्ड तिथं चालत नव्हतं. विजयपूरच्या एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा कसाबसा नंबर लागायचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार एवढे तीन दिवस डायलिसिसपुरतं सोलापुरात येऊ द्या, असा अर्ज त्यानं केला होता. दीड महिना झाला, उत्तर आलं नव्हतं. गेल्या आठवड्यात विजयपूरचा नंबरही हुकला.

"हा आत आला कसा?" देशमान्यांनी विचारलं.

"मी आणलं," कल्लप्पा म्हणाला. "सकाळी होटगी स्टेशनात बाकड्यावर बसलेला दिसला. चालता येत नव्हतं. माज्या गाडीवर घेतलं."

"तडीपार हाय, म्हाईत होतं?"

"व्हय."

सिस्टर महेश्वरी पलीकडच्या बेडजवळ थबकली. कल्लप्पानं तिच्याकडं न पाहताच कानडीत "हेदरब्याड" म्हटलं. भिऊ नको. ते तिला म्हटलं की स्वतःला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

कल्लप्पा म्हेत्रे एकोणसाठ वर्षांचा होता. वडील होटगीला रेल्वेत गँगमन. खाकी किंवा काळा कोट दिसला की ते उठून उभे राहत, पोरालाही उभं करत. ती सवय कल्लप्पाच्या अंगात मुरली होती. वॉर्डबॉय म्हणून या दवाखान्यात लागला, मशीन शिकला, टेक्निशियन झाला. एकतीस वर्षांत एकदाही वरच्याला उलटून बोलला नव्हता. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर ट्रस्टनं त्याला वर्षावर्षाच्या करारावर ठेवून घेतलं होतं.

"हे बगा," देशमाने आवाज खाली आणून म्हणाले, "तडीपार माणूस हद्दीत सापडला की ताब्यात घ्यायचा. मला वरनं सारखे फोन येत्यात."

"घ्या की. चार तासांनी घ्या."

"आत्ता बंद करता येतं का न्हाय, तेवढं सांगा."

कल्लप्पा मशीनकडं पाहत राहिला. नळ्यांतलं रक्त अंगात परत द्यायला दहा मिनिटं पुरतात. सुया काढायच्या, पट्टी दाबायची, की झालं. 'न्हाय' एवढा एक शब्द बोलला असता तर फौजदारांना ते खोटं आहे हे कळलंही नसतं. पण वर्दीतल्या माणसाशी खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"येतं," तो म्हणाला.

"मग करा."

"मी करनार न्हाय."

हे शब्द आपल्याच तोंडून निघाले याचं त्याला नवल वाटलं. त्यानं केसपेपर उचलून फौजदारांसमोर धरला. "सकाळचं रक्त तपासलंय. पोटॅशियम सहा पॉइंट नऊ. एवढ्यावर हृदय कवाबी बंद पडतंय साहेब. तुमच्या जीपमदी बी पडंल. डॉक्टरांनी चार तास लिवल्यात. ते कमी करायचं तर डॉक्टरांनी लिवावं, न्हायतर तुमी."

"डॉक्टर कुटं हायेत?"

"पुण्याला. फोन बंद हाय. खालचे ड्यूटी डॉक्टर येऊन बघून गेले. मोठ्या सरांना विचारा म्हनले."

त्यानं पॅडवरचा एक कोरा कागद फाडला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'रुग्ण इंद्रजीत याचे डायलिसिस माझ्या आदेशावरून अर्धवट थांबवण्यात आले. पुढील परिणामांची जबाबदारी माझी.' खाली सही, नाव, हुद्दा, तारीख, वेळ यांच्यासाठी जागा सोडली आणि कागद पुढं केला.

देशमान्यांनी तो दोनदा वाचला. हातात पेन नव्हतं. कल्लप्पानं आपलं पुढं केलं. ते त्यांनी घेतलं नाही. कागद घेऊन बाहेर जिन्याजवळ गेले आणि फोन लावला.

बाहेरच्या बाकावर इंद्रजीतची बायको विजयमाला बसली होती. तिनं पदराच्या टोकाला गुंडाळलेला तडीपारीचा आदेश काढून फौजदारांसमोर धरला.

"साहेब, मला वाचून दावा. ह्या गावात ऱ्हाऊ नको म्हनलंय, ते खरं. पर जगू नको असं कुटं लिवलंय ह्यात?"

देशमाने पाठ फिरवून बोलत राहिले. "व्हय सर... बंद करता येतं सर, पण तो लिहून मागतोय... नाही सर, सही केलेली नाही." बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी कागदाची चौघडी केली आणि खिशात ठेवली.

एव्हाना ट्रस्टचे सचिव आबासाहेब जिना चढून वर आले होते. त्यांनी कल्लप्पाला खांद्याला धरून कोपऱ्यात नेलं.

"म्हेत्रे, तुला काय लागतंय ह्यात? पोलिसांनी मागितलं, देऊन टाक. उद्या आपल्या परवान्याची भानगड निघाली तर सहा मशीनं बंद पडतील. मग बाकीच्यांचं काय करायचं?"

कल्लप्पानं वळून पाहिलं. बाकीच्या पाच बेडवरची माणसं डोळे उघडे ठेवून पडली होती. ती सगळी ऐकत होती.

"तुमी लिवून द्या मग," तो म्हणाला.

आबासाहेब खांद्यावरचा हात काढून खाली निघून गेले.

देशमाने आत आले ते स्टूल ओढून बेडच्या पायथ्याशी बसले. "वरनं सांगितलंय, सही करायची न्हाय आनि मानूस आनायचा," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं, "मी हितंच बसतो."

एक तास झाला. दर पंधरा मिनिटांनी कल्लप्पा रक्तदाब लिहीत होता आणि दर वेळी फौजदारांचा फोन वाजत होता. ते फोन उचलत, "चालू आहे सर," एवढं म्हणत आणि ठेवत.

दुसरा तास संपता संपता मशीन ओरडलं. इंद्रजीतचा चेहरा पांढरा पडला, उजवा पाय ताठ होऊन पोटरीत गोळा आला. त्याच्या तोंडून आवाजही फुटेना. रक्तदाब ऐंशीवर आला होता. कल्लप्पानं डोक्याकडची बाजू खाली केली, सलाईन सोडलं, मशीनचा वेग उतरवला. महेश्वरी सहा नंबरवरच्या म्हातारबांची सुई बसवण्यात अडकली होती.

"साहेब, पाय धरा त्याचा. पंजा वर दाबा. जोरात."

देशमाने उठले. त्यांनी दोन्ही हातांनी इंद्रजीतचा पंजा धरला आणि सगळा भार टाकून वर रेटला. घामानं त्यांची पाठ भिजली. चार-पाच मिनिटांनी पोटरी सैल पडली. इंद्रजीतनं डोळे उघडले तेव्हा आपला पाय कोणाच्या हातात आहे हे त्याला दिसलं. फौजदारांनी पाय लगेच सोडला नाही.

"हे आत्ता जीपमध्ये झालं असतं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

कल्लप्पानं केसपेपरवरच्या पोटॅशियमच्या आकड्यावर बोट ठेवलं.

त्यानंतर फोन दोनदा वाजला. देशमान्यांनी तो खिशातून काढून बंद केला.

चार तास पुरे झाले. कल्लप्पानं सुया काढल्या आणि पट्टीवर अंगठा दाबून पंधरा मिनिटं उभा राहिला. तेवढ्यात एका हवालदारानं बेड्या बाहेर काढल्या.

"त्या हाताला न्हाय," कल्लप्पा म्हणाला. "ह्या हाताची शीर आपरेशन करून जोडलीय. दाब पडला तर बंद पडंल. आमी बीपीसुदिक त्या हाताला बगत न्हाय."

"बेड्या आत ठेवून दे," देशमाने म्हणाले. "पळून जाणाराय का तो?"

कल्लप्पानं आणखी एक कागद दोन प्रतींत लिहिला: 'रुग्ण ताब्यात दिला. पुढील डायलिसिस शनिवारी सकाळी दहा वाजता.' या वेळी फौजदारांनी पेन घेतलं. सही केली, हुद्दा घातला, वेळही घातली. एक प्रत खिशात ठेवली. जाताना दारात बूट घालायला वाकले, आणि विजयमालानं जिन्याचा कठडा धरून नवऱ्याला एकेक पायरी उतरताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, इंद्रजीतला न्यायालयात उभं केलं. देशमान्यांनी शनिवारच्या डायलिसिसचा तो कागद बाकीच्या कागदांबरोबर जोडला होता. जोडला नसता तरी त्यांना कुणी विचारणार नव्हतं. मॅजिस्ट्रेटबाईंनी सरकारी वकिलांना विचारलं, या माणसाच्या अर्जाला दीड महिना उत्तर का नाही? माणूस कुठं राहणार हे सरकार ठरवू शकतं, त्याचा उपचार बंद करण्याचा अधिकार कोणत्या कलमानं मिळाला? सरकारी वकिलांनी मुदत मागितली. इंद्रजीतची रवानगी तुरुंगात झाली, पण शनिवारी दहा वाजता त्याला डायलिसिसला न्यायचं असं आदेशात लिहून आलं. तडीपारी पुढं अपिलात टिकली नाही. त्याला आणखी तीन महिने गेले.

शुक्रवारी संध्याकाळी आबासाहेबांनी कल्लप्पाला एक पाकीट दिलं. करार संपवण्यात येत आहे, सोमवारपासून कामावर येऊ नये. "ट्रस्टचा निर्णय आहे, माझा नाही," ते म्हणाले. आतल्या पत्रावर मात्र सही त्यांचीच होती. कल्लप्पानं त्यांना नमस्कार केला आणि नेहमीसारखा सहा मशीनं पुसून घरी गेला. बायकोला त्यानं जेवण झाल्यावर सांगितलं. सुंदरम्मानं ताटं गोळा केली. मग म्हणाली, "उद्या जायाचं हाय न्हवं? डबा भरू की मग."

शनिवारी पावणेदहाला सरकारी गाडी आली. दोन शिपायांच्या मधून इंद्रजीत जिना चढला. चेहऱ्यावरची सूज उतरली होती.

"मामा, मोकळा हुतो तवा गावात पाय ठेवायला बंदी," तो बेडवर बसत म्हणाला. "आता कैदी हाय, तर गाडीतनं आनून सोडत्यात."

कल्लप्पा हसला. त्यानं मशीन लावलं, नळ्या भरल्या, आणि मग महेश्वरीला हाक मारली.

"ह्याची शीर अवघड हाय. सरळ जात न्हाय, मदीच वळती. तुला एकटीला करायचं हाय आता. हात दे."

महेश्वरीनं हातमोजा चढवला. तिचे डोळे भरून आले होते. ते त्यानं न पाहिल्यासारखं केलं. तिचं बोट धरून त्यानं इंद्रजीतच्या कोपराच्या जरा खाली टेकवलं. कातडीखाली रक्त भरधाव वाहत होतं आणि त्याची बारीक थरथर बोटाला जाणवत होती.

"लागतंय?"

"व्हय मामा."

"हितनं दोन बोटं वर चल. हळू. जितं थरथर वळती, तितं थांब."

ती बोट सरकवत गेली. कल्लप्पानं आपला हात बाजूला घेतला.